‘रिमोट चालेल’ म्हणजे नेमकं काय चालेल?

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. कराडला इंजिनिअरिंग करून तो दीड वर्षापूर्वी पुण्यात नोकरीला लागला. वाकडला तिघांत मिळून एक फ्लॅट आणि रोज हिंजवडी फेज थ्री. आता त्याच्या हातात दोन ऑफर लेटर होती. एक हिंजवडीचंच, आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस. दुसरं बाणेरच्या एका कंपनीचं, पगार जरा कमी, पण त्यात एक ओळ होती: ‘आमची कंपनी रिमोट-फ्रेंडली आहे.’

“आत्या, म्हणजे मी कराडला जाऊन राहिलो तर चालेल, असंच ना?”

“कुणाला चालेल?” मी विचारलं. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. मी सोळा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे आणि त्यातली शेवटची पाच-सहा साताऱ्यातून काम करतेय. या काळात दोन कंपन्या झाल्या. दोन्ही स्वतःला रिमोट-फ्रेंडलीच म्हणवायच्या. एकीत दीड वर्षात मी निम्मी अदृश्य झाले. दुसरीत मी साताऱ्यात बसते हे कित्येकांना वर्षभर कळलंसुद्धा नव्हतं. दोन्हींना एकच शब्द लावता येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

बातम्यांनी तर गोंधळ आणखी वाढवलाय. २०२० मध्ये टीसीएसनं जाहीर केलं, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच लोक ऑफिसात असले तरी पुरेल. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच टीसीएसमध्ये पाचही दिवसांची हजेरी आली. इन्फोसिसनं महिन्याला १० दिवस ठरवले. अ‍ॅमेझॉनच्या प्रमुखांनी, अँडी जॅसींनी, सप्टेंबर २०२४ मध्ये पत्र काढलं आणि जानेवारी २०२५ पासून पाच दिवस ऑफिस लागू केलं. हे सगळं वाचून दादा, म्हणजे भाच्याचे वडील, विचारतात, “अगं, ते घरून काम बंद झालं ना आता?” बंद झालेलं नाही. पण म्हणजे नक्की काय चालू आहे, ते जरा मुळापासून बघू.

आधी शब्दांचा गुंता

‘हायब्रिड’ म्हणजे काही दिवस ऑफिस, काही दिवस घर. हे घर जाण्यायेण्याच्या अंतरावरच हवं, त्यामुळे कराडचा विषय तिथेच मिटतो. ‘रिमोट-फर्स्ट’ म्हणजे सगळे दुरूनच काम करणार असं धरून कंपनीची घडी बसवलेली. ऑफिस असलंच तर वाचनालयासारखं, वाटलं तर जाऊन बसा. आणि ‘रिमोट-फ्रेंडली’? कंपनीचा संसार ऑफिसातच आहे, पण तुम्ही बाहेरून काम केलंत तर तिची हरकत नाही.

हरकत नसणं आणि सोय असणं यात किती अंतर असतं, हे ज्यांनी पुण्यात भाड्याचं घर शोधताना ‘नॉनव्हेज चालेल, पण…’ ऐकलंय त्यांना सांगायला नको.

गावाकडचं बघा. ग्रामसभा रीतसर होते, हात वर होतात, ग्रामसेवक इतिवृत्त लिहितो. पण रस्ता कुणाच्या बांधावरून वळवायचा ते आदल्या रात्री पारावर ठरलेलं असतं. मुंबईला नोकरीला असलेल्या भावाला इतिवृत्त वाचायला मिळतं, रस्ता तिकडून का वळला हे काही कळत नाही. रिमोट-फ्रेंडली कंपनीत बाहेरून काम करणारा माणूस म्हणजे हा मुंबईचा भाऊ. ग्रामसभेचं आमंत्रण त्याला दर वेळी येतं. पारावर बसायला त्याला कोण बोलावणार?

म्हणून कुठल्याही कंपनीबद्दल घरून काम करता येतं का, हे मी आता नंतर विचारते. तिथे गोष्टी ठरतात कुठे, हे आधी.

मीटिंग संपली, मी आतच होते

माझ्या पहिल्या कंपनीचं ऑफिस पुण्यात होतं. टीममध्ये आम्ही आठ जण, त्यातले सात ऑफिसात. दर मंगळवारी अकराला मीटिंग. सात जण कॉन्फरन्स रूममध्ये आणि मी भिंतीवरच्या टीव्हीत. टेबलाच्या मधोमध माइकचा तो चपटा काळा डबा. त्याच्या शेजारी कुणी वेफर्सचं पाकीट फोडलं की मला पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं ऐकू यायचं आणि पुढचं वाक्य बुडायचं. कुणी विनोद केला की ते सगळे हसायचे, मग अर्ध्या सेकंदानं मी.

एका मंगळवारी विषय होता, रिलीज पंधरा दिवस पुढे ढकलायचं का. मी आकडे दिले, एकोणीस बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, अजून उघडे आहेत म्हणून सांगितलं, चर्चा झाली आणि ढकलायचं ठरलं. ‘ओके, थँक्यू एव्हरीवन.’ खुर्च्या सरकल्या, लोक उठले. कॉल बंद करायचं मात्र राहून गेलं. उभ्याउभ्याच लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, म्हणाला, “क्लायंटला काय तोंड दाखवणार पण? पेमेंटचा भाग तेवढा बाजूला ठेवू, बाकीचं तारखेला देऊन टाकू.” एक जण म्हणाला, चालेल. दुसऱ्यानं मान हलवली. दाराशी पोचलेल्या एकाची नजर टीव्हीकडे गेली, त्याला माझा चेहरा दिसला. तो ओशाळं हसला, टेबलावरचा रिमोट उचलला आणि स्क्रीन काळी झाली. सगळं मिळून चाळीसेक सेकंद.

यात कुणी माझ्याविरुद्ध कट केला नव्हता. मी तिथे असते तर दारापर्यंत चालता चालता “अहो थांबा, पेमेंट वेगळं नाही काढता येणार” एवढंच म्हणाले असते. म्हणायला दारच नव्हतं. वर्षाअखेरीला अप्रेझलमध्ये ऐकलं: काम उत्तम, व्हिजिबिलिटी कमी. व्हिजिबिलिटी म्हणजे तुम्ही काय करता ते वरच्यांच्या डोळ्यांसमोर असणं. काम डोळ्यांसमोर असून भागत नाही, माणूस असावा लागतो, एवढं मला त्या वर्षी कळलं.

दुधाच्या पिशवीतली चिठ्ठी

दुसऱ्या कंपनीलाही ऑफिस आहे. पण तिथे पारावर ठरलेलं धरत नाहीत. चौघांनी चहाच्या टपरीवर काही ठरवलं तर ते टीमच्या पानावर लिहायचं, एक दिवस तसंच राहू द्यायचं, कुणाची हरकत आली नाही तर मग ते ठरलं. मीटिंगला एक जण जरी बाहेरून असला तर ऑफिसातल्यांनीही आपापल्या जागेवरून, आपापल्या लॅपटॉपवरून यायचं. म्हणजे टीव्हीतली एकटी बाई असा प्रकारच उरत नाही.

या लिहून ठेवण्याच्या पद्धतीला ‘असिंक’ म्हणतात. दोघांनी एका वेळी हजर नसतानाही काम पुढे सरकणं, एवढाच त्याचा अर्थ. माझी आई हे आयुष्यभर करत आली. रात्री दारातल्या दुधाच्या पिशवीत चिठ्ठी: ‘उद्या एक लिटर जास्त, पाहुणे आहेत. परवापासून नेहमीसारखं.’ दूधवाला पहाटे साडेपाचला यायचा. दोघांची गाठ महिन्यातून एकदा, बिलाच्या दिवशी पडायची, तरी दूध कधी चुकलं नाही. कारण किती, कशासाठी आणि कधीपर्यंत हे सगळं त्या दोन ओळींत असायचं. तिनं नुसतं ‘दुधाचं जरा बघा’ लिहिलं असतं तर त्यानं बेल वाजवून तिला उठवलं असतं. ऑफिसच्या चॅटवर दिवसभर येणारं ‘हाय’, ‘आहेस का?’, ‘दोन मिनिटं बोलू?’ ही सगळी पहाटेची बेल आहे.

या पद्धतीचं टोक बघायचं तर गिटलॅब. प्रोग्रामर मंडळींना एकत्र काम करायला लागणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते. त्याची सुरुवात २०११ मध्ये युक्रेनमधल्या दिमित्री झापोरोझेत्स यांनी आपल्या घरातून केली. घरात नळ नव्हता, पाणी सार्वजनिक विहिरीवरून आणावं लागे. पण विहिरीच्या खेपेपेक्षा त्यांना एकत्र काम करायला धड साधन नसल्याचा त्रास जास्त वाटायचा. पुढे कंपनी उभी राहिली ती मुख्यालयाशिवायच, आणि तशीच ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात उतरली. रजा कशी घ्यायची, निर्णय कुणी घ्यायचा, हे सगळं त्यांच्या दोन हजारांहून अधिक पानांच्या हँडबुकात लिहिलेलं आहे, आणि ते कुणालाही इंटरनेटवर वाचता येतं.

याचा एक तोटा आपल्याकडच्या मुलांना चांगलाच जाणवतो. लिहिणं म्हणजे इंग्रजीत लिहिणं. ऑफिसात मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी करून, बोर्डवर दोन चौकोन काढून भागतं. इथे चार परिच्छेद नीट लिहावे लागतात. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, पहिले सहा महिने प्रत्येक मेसेज पाठवण्याआधी तीनदा वाचायचे. पण फाडफाड बोलणाऱ्यांपुढे मीटिंगमध्ये मी कायम मागे पडायचे, आणि लिहायला मात्र मला दहा मिनिटं मिळतात. हिशेब केला तर माझ्यासाठी हा सौदा फायद्याचाच ठरला.

पण घरी बसून लोक खरंच काम करतात का?

हा प्रश्न माझे सासरे अजून विचारतात, तेही मी लॅपटॉपसमोर बसलेली असताना.

चीनमध्ये सीट्रिप ही प्रवासाची तिकिटं विकणारी मोठी कंपनी आहे. तिच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या डिसेंबरपासून नऊ महिने एक प्रयोग झाला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम त्यात होते. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, त्यांना आठवड्यातले चार दिवस घरी पाठवलं. विषमवाले ऑफिसात राहिले. घरी गेलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. त्यातले ९ टक्के निव्वळ जास्त वेळ काम झाल्यामुळे, कारण मधली उठबस आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेले ४ टक्के मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे, कारण घरी गोंगाट कमी. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

इथपर्यंतचं सगळे सांगतात. त्याच प्रयोगात असंही दिसलं, की सारखंच काम करूनही घरी गेलेल्यांना बढती ऑफिसवाल्यांपेक्षा कमी मिळाली. आणि शेवटी ‘आता हवं ते निवडा’ म्हटल्यावर घरी गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले. घरी एकटं वाटतं, हे त्यांचं मोठं कारण होतं.

याच कंपनीनं, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम आहे, पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. या वेळी काहींना दोन दिवस घर आणि तीन दिवस ऑफिस, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस. २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. राजीनामे एक तृतीयांशानं घटले, आणि दोन वर्षांत कामाच्या दर्जात किंवा बढत्यांत फरक सापडला नाही. दोन्ही प्रयोगांतली माणसं आणि कामं वेगळी, त्यामुळे थेट तुलना करू नये. तरी मी दोन्ही शेजारी ठेवून बघते तेव्हा मला माझा तो मंगळवार आठवतो. आठवड्यातून तीनदा दिसणारा माणूस विसरला जात नाही.

कामचुकार लोक नाहीत का? आहेत की. ऑफिसातही होते, तिथे ते सिगारेट ओढायला जायचे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं २०२४ मध्ये डझनाहून अधिक लोकांना काढलं, कारण कीबोर्ड चालू असल्याचा नुसता देखावा केला जात होता. माऊस आपोआप हलवत ठेवणारं यंत्र बाजारात सहज मिळतं. पण असं यंत्र विकत घ्यावंसं वाटतं, याचा अर्थ वरचा माणूस झालेलं काम मोजायचं सोडून माऊस मोजतोय. अशा कंपनीत नोकरी घरून करा नाहीतर ऑफिसातून, डोक्याला ताप तेवढाच.

मग परत का बोलावतायत?

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो मॅनेजर असो की नोकरी गेलेला मित्र.

एक कारण अगदी रुक्ष आहे आणि आपल्या हिंजवडीशी त्याचा थेट संबंध आहे. तिथल्या बऱ्याच इमारती सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात मोडतात. निर्यातीसाठी तिथल्या कंपन्यांना करसवलती मिळाल्या, सामान शुल्काविना आणता आलं, आणि त्या बदल्यात काम त्या कुंपणाच्या आत व्हावं असा सरकारचा हिशेब होता. माणूस घरी गेला की लॅपटॉपही कुंपणाबाहेर जातो. त्यासाठी वाणिज्य मंत्रालयाला जुलै २०२२ मध्ये ‘४३ अ’ हा वेगळा नियम आणावा लागला. आधी निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून कामाची मुभा मिळाली, मग डिसेंबरमध्ये ती सगळ्यांसाठी वाढली. टाळेबंदीत जे आपोआप घडल्यासारखं वाटलं, त्यामागे अशा कागदपत्रांचा ढीग होता.

दुसरं कारण मला पटतं. मायक्रोसॉफ्टनं २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या आपल्या ६१,१८२ अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या ईमेल, कॉल आणि मीटिंगांचा अभ्यास केला. सगळे घरी गेल्यावर आपापल्या टीममधला संपर्क घट्ट झाला, पण टीमाटीमांमधले धागे कमी झाले. म्हणजे चाळीतल्या एकेका खोलीतलं बोलणं वाढलं आणि गॅलरीतलं थांबलं. गॅलरीत काय मिळतं हे चाळीत राहिलेल्याला विचारा: नोकरीची खबर, स्थळ, आणि नळ आज किती वाजता जाणार आहे ते.

बाकी कारणं तुम्हीही ओळखू शकाल. लांब मुदतीनं भाड्यानं घेतलेल्या इमारती, खुर्ची भरलेली दिसली की काम चाललंय असं समजणारे साहेब. माणसं आपणहून सोडून गेली तर बरं, म्हणूनच परत बोलावतात असाही अनेकांचा संशय आहे. एखाद्या कंपनीबाबत तो खरा असेलही. एक मधली वाटही आहे. झोहोनं तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात ऑफिस काढलं, म्हणजे माणसानं शहरात यायचं त्याऐवजी ऑफिसच गावाकडे गेलं. कराडच्या आसपास असं कुणी केलं तर आमच्या दादाचा आनंद गगनात मावणार नाही.

पगार, पीएफ आणि ‘डॉलरमध्ये मिळतात म्हणे’

गावात राहिलं म्हणून पगार कापतात का? याबाबत कंपन्यांचे दोन पंथ आहेत. गिटलॅब पगार ठरवताना तुम्ही कुठल्या भागात राहता ते हिशेबात धरते. बेसकॅम्प ही दुसरी जुनी रिमोट कंपनी. तिनं सगळ्यांना, कुठेही राहा, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारभावानं पगार देण्याचं धोरण ठेवलं. भारतातल्या कंपनीत नोकरीला लागताना हे आधीच विचारून घ्या: आज मी वाकडला आहे, उद्या कराडला गेलो तर आकडा बदलेल का? आणि उत्तर ईमेलवर मागा.

थेट परदेशी कंपनीसाठी काम करणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. भारतात त्या कंपनीचं काहीच नसेल तर ती तुम्हाला बहुधा कंत्राटदार म्हणून घेते. ऐकायला आकडा मोठा असतो, पण तो नोकरीचा पगार नव्हे. नोकरीत मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ तुमचा कापला जातो आणि तितकाच वाटा कंपनी घालते. ग्रॅच्युइटी असते, बहुतेक ठिकाणी आरोग्य विमा असतो, भरपगारी रजा असतात. कंत्राटात यातलं काही नाही. आगाऊ कर तुम्हीच भरायचा. वर्षाची जमा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आली. काम निर्यातीचं असल्यानं जीएसटी शून्य असू शकतो, पण विवरणपत्रं चुकत नाहीत. सीएची फी धरा. आणि एखाद्या शुक्रवारी ‘सोमवारपासून काम नाही’ असा मेल आला तर तो अमेरिकेतल्या कोर्टात भांडून बदलता येणार नाही, हेही धरा. मधला मार्ग म्हणून काही परदेशी कंपन्या एखाद्या भारतीय संस्थेच्या पटावर तुम्हाला रीतसर नोकर म्हणून ठेवतात. पगार त्या संस्थेकडून, काम परदेशी कंपनीचं. त्यात पीएफ वगैरे मिळतं.

वेळेचा हिशेब पैशाइतकाच महत्त्वाचा. न्यूयॉर्कची सकाळची दहाची मीटिंग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच मीटिंग आपल्या साडेआठला येऊन बसते, म्हणजे बरोब्बर जेवणावर. दिवाळीच्या दिवसांत घरात हे समजावून सांगायचं काम मी एकदा केलंय, पुन्हा नको.

घरातलं ऑफिस

मी वाकडला राहायचे तेव्हा फेज थ्रीचं अंतर आठ-नऊ किलोमीटर होतं आणि पावसाळ्यात संध्याकाळी परतायला सव्वा तास सहज लागायचा. साताऱ्याला आल्यावर दिवसाचे दोन तास हातात आले. त्या दोन तासांचं काय केलं म्हणून विचाराल तर खरं सांगते: त्यातला एक कंपनीनं घेतला. कुणी मागितला नाही, मीच दिला. ऑफिसातून निघायची बस चुकेल अशी भीती नसली की ‘एवढं करून उठते’ला अंत राहत नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर कंपनीचा फोन किंवा मेल न घेण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीला लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, ते मंजूर झालं नाही. तोवर मी साडेसहाला लॅपटॉप कपाटात ठेवून कपाट बंद करते. किल्ली मुलीकडे असते.

“बायकांना बरं आहे, घरचंही बघता येतं,” असं लोक कौतुकानं म्हणतात. घरचं बघता येतं म्हणजे घरचं बघावं लागतं. सिलिंडरवाला आला, कुरिअर आलं, शेजारच्यांच्या प्लंबरला आमच्या गच्चीत जायचंय, ‘ती घरीच असते’. मी कॉलवर असताना म्यूट काढलं आणि त्याच क्षणी कुकरनं शिट्टी दिली, हे इतक्यांदा झालंय की आमच्या टीमचा चेन्नईचा मुलगा आता शिट्ट्या मोजतो. “तीन झाल्या, गॅस बंद करा.” तरीही खरं तेही सांगायला हवं: मुलगी दुसरीत असताना हे काम नसतं तर मी नोकरी सोडली असती. माझ्या बॅचच्या दोघींनी सोडली.

उरला लाइटचा प्रश्न. महावितरणचा देखभालीचा मेसेज आदल्या दिवशी येतो, तेवढं बरं. वळवाच्या पावसाचा मेसेज येत नाही. इन्व्हर्टर आहे, राऊटरला वेगळा छोटा यूपीएस आहे, आणि रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबरची केबल तोडली तर दुसऱ्या कंपनीचं सिम. हा सगळा खर्च कोण करणार, हा प्रश्न मी पहिल्या कंपनीत विचारला नव्हता. दुसरीत सही करायच्या आधी विचारला, त्यांनी खर्च दिला.

दीड वर्षाच्या अनुभवाला काय करावं?

भाच्याला मी जे सांगितलं ते त्याला फारसं आवडलं नाही. मी साताऱ्यातून आनंदात काम करते, कारण त्याआधी दहा वर्षं मी माणसांत बसून शिकले. शेजारचा सीनियर स्क्रीनकडे बघून नुसता “हं?” म्हणायचा आणि मला कळायचं की कुठेतरी चुकलंय. तो ‘हं?’ कुणी मेलवर पाठवत नाही.

याचाही अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचे सॉफ्टवेअर इंजिनिअर एकाच आवारातल्या दोन इमारतींत बसायचे. एमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅले या अर्थतज्ज्ञांनी पाहिलं, की ज्या टीममधले सगळे एकाच इमारतीत होते, तिथे नवख्यांच्या कोडवर सहकाऱ्यांच्या सूचना जास्त यायच्या. साथीत सगळे घरी गेल्यावर हा फरक मावळला. पण शिकवायचा भार ज्येष्ठांवर पडायचा, त्यांचं स्वतःचं काम जवळ बसल्यानं कमी व्हायचं. म्हणजे घरून काम माझ्यासारखीला जितकं सोयीचं, तितकंच ते त्याच्यासारख्याच्या शिकण्यातून वजा होतं. माझ्या सोयीची किंमत कुणीतरी बावीस-तेवीस वर्षांचं पोर भरतंय, हे मला तो अभ्यास वाचल्यावर जरा टोचलं. तेव्हापासून मी टीममधल्या नव्या मुलीबरोबर रोज दुपारी अर्धा तास कॉल चालू ठेवून नुसती काम करत बसते. बोलायचं काही नसलं तरी.

मग आम्ही दोघांनी बाणेरच्या कंपनीला विचारायचे प्रश्न काढले. तुमचे लीड आणि मॅनेजर स्वतः कुठून काम करतात? गेल्या वर्षी ज्यांना बढती मिळाली त्यातले ऑफिसबाहेरचे किती? मीटिंगमध्ये एक जण बाहेर असेल तर बाकीचे कसे बसतात? नव्या माणसाला शिकवायचं काम नेमकं कुणाचं? आणि रिमोटची ती ओळ करारात आहे की नुसती जाहिरातीत?

एचआरच्या मुलीनं चार दिवसांनी फोन केला. लीड सगळे बाणेरलाच बसतात, म्हणाली. बढतीचा आकडा ‘हँडी’ नाही. पण नव्यांना पहिले सहा महिने एका ठरलेल्या सीनियरसोबत ऑफिसात बसवतात आणि त्या सीनियरला तेवढं काम कमी देतात, हे तिनं न विचारता सांगितलं. त्या एका वाक्यावर पोरानं ती ऑफर घेतली, कमी पगारासकट. वाकडची कॉट मात्र त्यानं सोडलेली नाही, दिवाळीपर्यंत तरी आठवड्याचे चार दिवस तो बाणेरला जाणार.

दादा त्यावरून चिडलाय. घरून कामाची नोकरी मिळूनही पुण्यात भाडं कशाला भरतोस, म्हणून रोज फोन करतो. मी समजावून थकले, म्हणून हे सगळं लिहून काढलं. आता हे त्याला पाठवते.